पऱ्हाटीचा जाळ आणि सावद्याची कढई

तापीच्या उत्तर तीरापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत काळ्याभोर मातीची जी पट्टी पसरली आहे, तिच्यात वसलेल्या सावदा या जुन्या कसब्याचा इतिहास जाणू पाहणाऱ्याने सनदा आणि जमाबंदीचे कागद चाळावेतच. परंतु मार्गशीर्षातल्या एखाद्या संध्याकाळी तेथील शेताच्या बांधावर तीन दगडांवर चढवलेल्या कढईपाशीही त्याने घटकाभर बसावे, असे मला मनापासून वाटते. दफ्तरात ज्याची नोंद नाही असे पुष्कळसे त्या कढईत उतरलेले असते.

तिच्यात काय असते? प्रथम तेल, मग तडतडणारे जिरे, शेंगदाणे, खोबऱ्याचे पातळ काप, चिरलेली कांद्याची पात, आणि शेवटी, विस्तवावर भाजून बडगीत ठेचलेल्या वांग्यांचा धुरकट गंधाचा गोळा. लेवा पाटीदारांच्या बहुतांश घरांत मांस शिजत नाही, म्हणून तेथे कढई येथेच पूर्ण होते. तडवी, कोळी वा मुसलमान कुटुंबांत मात्र, भाजलेला कांदा आणि सुके खोबरे वाटून केलेल्या काळ्या मसाल्यात खिमा परतून त्यातच वांगे किंवा बटाटा घालतात. पदार्थ दोन असले तरी रीत एकच: एक भांडे, एक जाळ, आणि भाकरीने पुसून घ्यावे असे दाट कालवण.

ही रीत आजकालची नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1130 च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथाच्या अन्नभोग प्रकरणात मांसाचे बारीक तुकडे वांगी, मुळा, कांदा आणि आले यांसह शिजवण्याचा प्रकार येतो. खिमा भरून तळलेली वांगीही तेथे आहेत. पुढे 1601 च्या जानेवारीत अशीरगड अकबराच्या हाती आला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. त्या मोहिमेत जातीने वावरलेल्या अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्याची जी प्रमाणे लिहून ठेवली, त्यांत बादिंजानाचे, म्हणजे वांग्याचेही प्रमाण आहे: दहा सेर वांग्यांना दीड सेर तूप, पावणेचार सेर कांदा, पाव सेर आले व तेवढाच लिंबाचा रस, शिवाय मिरी, धने, लवंग, वेलदोडा आणि हिंग. त्यात मिरची नाही. पोर्तुगीज गलबतांतून किनाऱ्यावर उतरलेले हे अमेरिकेचे बीज त्या पाकखान्यापर्यंत पोचलेले नव्हते. आणि आज सावद्याच्या भरितातून हिरवी मिरची काढली, तर त्याला भरीत म्हणून कोणी ताटात घेणार नाही. जे आपल्याला अनादि वाटते त्याचे वय पुष्कळदा चारशे वर्षांच्याही आतले असते.

1763 मध्ये सावद्याचा मुलूख निजामाकडून पेशव्यांकडे आला आणि लवकरच तो सरदार रास्त्यांना मिळाला. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्ते घराण्यातल्या. इंग्रजी अंमलात जमिनीची नवी पाहणी सुरू झाली, तेव्हा 1852 मध्ये दहा ते पंधरा हजार रयत सावद्यास जमली आणि फौजेच्या तुकडीने येऊन म्होरके पकडेपर्यंत ती हटली नाही. मोजणीची साखळी आपल्या शिवारात कशासाठी फिरते, हे त्या माणसांनी अचूक ओळखले होते, असे मी मानतो. सारा ठरला तो रोख रुपयांत. आणि रोकड देणारे पीक म्हणजे कापूस. त्यात 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवाहवासा झाला, आणि त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ भुसावळावरून खांडव्याकडे निघाले. कापूस गाडीत चढून मुंबईस गेला. शेतकऱ्याच्या बांधावर उरली ती पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या.

या पऱ्हाटीपाशी मला थांबावेसे वाटते, कारण माझ्या मते सावद्याच्या कढईचा खरा कर्ता तीच आहे. गोवरीचा विस्तव मंद आणि धीराचा. पऱ्हाटीचा जाळ तसा नव्हे. तो भडभडून उठतो, वितभर उंच होतो आणि पाहता पाहता खाली बसतो. अशा जाळावर तासन्‌तास रटरटणारे कालवण व्हावयाचे नाही. परंतु बामणोदकडची हिरवट-पांढरी, गलेलठ्ठ वांगी तेलाचा हात लावून, टोचे मारून त्याच्यात टाकली, की वरची साल कोळशासारखी होते आणि आतला गर लोण्यासारखा सुटतो. जाणती बाई देठाजवळ चिमटीने दाबून पाहते. तेथे बोट सहज रुतले तरच वांगे झाले, एरवी त्याला आणखी चार काड्यांची धग हवी. मग साल काढायची, ती पाण्याखाली धरून नव्हे, कारण पाण्याबरोबर धुराचा वास वाहून जातो. नुसत्या बोटांनी, हात पोळत असतानाच. लाकडी बडगीत भाजलेली मिरची आणि लसूण आधी ठेचून घेतात, त्यावर गर येतो. पाटा तो गर पार गुळगुळीत करून टाकील. बडगी त्याचे तंतू राखते. उरलेल्या जाळावर कढई तापते तेवढ्यात सारे परतून होते, आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आधीच तयार असते.

काळही नेमका जुळून येतो. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत-रोडग्याच्या रूपाने परत येते. कपाशीची वेचणी सरत जाते तसतशी पऱ्हाटी वाळू लागते आणि भरताच्या पंगती शेतोशेत बसू लागतात.

जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला आनंद आहे. त्याच वर्षी ते येथील केळीलाही मिळाले, आणि सावद्याच्या शिवारात आज दृष्टी पोचेल तिथवर केळीच आहे. सावदा स्थानकावरून उत्तरेकडे गेलेल्या केळीच्या वाघिणींनी या गावाला दिलेले वैभव कापसालाही कधी देता आले नाही. परंतु केळीचा खांब पाण्याने भरलेला. तो चुलीत घातला तर विस्तवच विझतो. म्हणून केळीच्या बागेत भरीत मांडायचे असले, तर घरधनी आदल्या दिवशी कोरडवाहू शिवारातून पऱ्हाटीची मोळी आणवतो, आणि ती बागेच्या तोंडाशी, ठिबकचे पाणी लागणार नाही अशा जागी उभी करून ठेवतो.