नम्रता कोणी शिकायची?

अंधेरीच्या सीप्झमध्ये, कारखान्यांच्या गराड्यात, सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चच्या भग्न भिंती उभ्या आहेत. पोर्तुगीज अमदानीत, १५७९ साली, जेजुइटांनी ते बांधले. १८४० च्या साथीत वस्ती मरोळकडे सरकली आणि चर्च ओस पडले. बांधविणाऱ्यांचे नाव इतिहासात राहिले. दगड वाहणाऱ्यांची नावे मला कुठे सापडली नाहीत. नम्रतेचा उपदेश मात्र नेहमी अशांच्याच वाट्याला येतो. मी विचारतो, पिढ्यान्‌पिढ्या वाकलेल्याने आणखी किती वाकायचे? येशूने शिष्यांकडून पाय धुवून घेतले नाहीत. स्वतः त्यांचे धुतले. म्हणजे नम्रता ही आसनावर बसलेल्याने खाली उतरण्याची गोष्ट आहे. मोठेपणा तर दगडातही टिकला नाही. देवाचा न्याय खरा असेल, तर त्याच्या वहीत पाटी वाहणारांची नावे आधी निघतील.