पानातला कात आणि कातकरी

ज्यांना ट्रेनच्या गर्दीत एपिसोड ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग.

आमच्या आजीच्या पानाच्या डब्यात चुना, सुपारी आणि काताचे खडे असायचे. पान लाल होतं ते या कातामुळे. आणि शाळेत माझ्या बाकावर एक कातकरी मुलगा बसायचा. हे दोन शब्द एकाच झाडावरून आलेत, हे मला बीटेक झाल्यावर कळलं. लाज वाटली, खरंच.

ते झाड म्हणजे खैर. खैराच्या खोडातला लालसर गाभा काढायचा, त्याचे बारीक तुकडे मडक्यात पाण्यात उकळायचे, पाणी आटवत घट्ट करायचं आणि थंड होऊ द्यायचं. झाला कात. दिसायला सोपं, पण कुठलं झाड पिकलंय, आच किती ठेवायची, कधी उतरवायचं, हे हाताला कळावं लागतं. 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही या लोकांची ओळख कात करणारे अशीच आहे. पण ते छापलं गेलं तोपर्यंत धंद्याच्या गळ्याला फास लागला होता.

झालं असं, की 1878 चा वन कायदा आला. जंगलाचे राखीव, संरक्षित असे प्रकार पडले. राखीव जंगलात विनापरवाना झाड तोडणं गुन्हा. आमच्या भाषेत सांगायचं तर एका रात्रीत अ‍ॅक्सेस रिव्होक, आणि ज्याचा गेला त्याला नोटिफिकेशनसुद्धा नाही. नाव राहिलं कातकरी, झाड झालं सरकारचं.

लोक गप्प बसले नाहीत. 25 सप्टेंबर 1930 ला उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळीबार केला. आठ हुतात्म्यांत एक नाव नाग्या महादू कातकरी. मी त्याच जिल्ह्यात शिकलो. मिठाचा सत्याग्रह पाठ होता, नाग्या माहीत नव्हता.

कात गेल्यावर हातात काय उरलं? आधी कोळशाच्या भट्ट्या, मग विटांच्या. पावसाळ्यात घरात धान्य संपतं, तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर सगळं कुटुंब भट्टीवर जाऊन ती फेडायची. हिशोब मालकाच्या वहीत. वेठबिगारीबंदीचा कायदा 1976 चा आहे, पण उचल आजही चालते. माझा बाकावरचा दोस्त दिवाळीनंतर दिसायचा नाही. हजेरीत त्याच्यापुढे फुली. आम्हाला वाटायचं, मजा आहे बुवा त्याची! त्याच वर्षांत आमचं घर बांधून झालं. विटा जवळच्याच भट्टीवरच्या.

सरकारदरबारी कातकरी हा विशेष दुर्बल आदिवासी गट. देशात असे 75, त्यातले महाराष्ट्रात 3: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. मग 2006 मध्ये वनहक्क कायदा आला. चांगला कायदा, मी त्याच्या बाजूचा आहे. पण वैयक्तिक जमिनीच्या दाव्यासाठी 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ती ताब्यात असल्याचा पुरावा लागतो. इतर आदिवासी गावांत वनप्लॉट कसणारे तरी होते. ज्यांचं पोट नांगरावर नव्हतंच, झाडावर होतं, आणि झाड काढून घेतल्यावर जे अर्धं वर्ष भट्टीवर असतात, त्यांनी कुठला प्लॉट दाखवायचा? सामूहिक हक्काची तरतूद आहे, पण त्यासाठी ग्रामसभेत बसायला माणूस गावात हवा ना. कित्येक कातकरवाड्यांत तर झोपडीखालची जमीनही दुसऱ्याच्या नावावर. जमिनीचे भाव वाढले की आधी तिथेच तारेचं कुंपण येतं.

एक वेगळी गोष्टही सांगतो. शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी वनधन योजनेखाली गट केला आणि जंगलातली गुळवेल गोळा करून, वाळवून विकायला लागले. कोरोनाच्या काळात मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांच्या ऑर्डरी आल्या. वेल ओळखायची कशी, हे त्यांना कुणी ट्रेनिंग देऊन शिकवलेलं नव्हतं.

परवा आईला विचारलं, आपल्या विटा नक्की कुठल्या भट्टीवरून आणल्या होत्या? ती म्हणाली, "ती काय, शाळेच्या मागची." म्हणजे दिवाळीनंतर तो शाळेपासून दोन हाकांच्या अंतरावर होता.