शस्त्रक्रियेचें गुपित

मनुष्य आजारी पडला म्हणजे त्याच्यापुढें दोन प्रश्न उभे राहतात. उपचार कोणता करावा हा पहिला, आणि आजार कोणाला सांगावा हा दुसरा. पहिल्याचें उत्तर वैद्य देतो. दुसऱ्याचें उत्तर रोग्याला स्वतःलाच शोधावें लागतें, आणि पुष्कळदां तें पहिल्याहून अवघड ठरतें. घरच्या माणसांपासून आजार लपत नाहीं. परंतु ज्यांच्या शेजारीं बसून दिवसाचे सात-आठ तास काम करावयाचें, ज्यांच्यासमोर दुपारीं डबा उघडावयाचा, त्या सहकाऱ्यांना काय सांगावें आणि किती सांगावें?

वजन उतरविण्यासाठीं पोटावर होणारी शस्त्रक्रिया या प्रश्नाला विशेष धार आणते. ज्वर आलेल्याला कोणी दोष देत नाहीं. स्थूलतेचा दोष मात्र जो तो स्थूल माणसाच्याच माथीं मारतो. उपास करून वजन उतरविलें तर निग्रहाचें कौतुक होतें. तेंच शस्त्राच्या साहाय्यानें उतरविलें तर 'आयती वाट धरली' असा शेरा कानीं येतो. सांगावें तर हा शेरा. न सांगावें तर चार-सहा महिन्यांत अंगावरचे सैल झालेले कपडेच बोलूं लागतात. या पेचांत सांपडलेलीं माणसें सामान्यच होतीं असें नाहीं. ज्यांच्या शब्दावर राज्यें चालत, अशा पुरुषांनाही शस्त्रक्रिया उघड करावी कीं झांकावी हा विचार पडला आहे. आणि त्यांनीं केलेल्या निवडींचे परिणाम इतिहासांत नमूद आहेत.

यांतील सर्वांत बोधप्रद प्रकरण १८९३ सालचें आहे. ग्रोव्हर क्लीव्हलंड त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत अमेरिकेच्या अध्यक्षपदावर दुसऱ्यांदा आरूढ झाले, त्या वेळीं देशांत मोठें आर्थिक अरिष्ट कोसळलें होतें. बँका बुडत होत्या, रेल्वे कंपन्यांचीं दिवाळीं निघत होतीं. १८९० च्या एका कायद्यान्वयें सरकारला दरमहा ४५ लक्ष औंस चांदी विकत घ्यावी लागे, आणि तिच्या मोबदल्यांत निघालेल्या नोटा देऊन लोक सरकारी खजिन्यांतून सोनें काढून नेत. अशांत २६ जून १८९३ रोजीं हिंदुस्थान सरकारनें आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळींत चांदी देऊन रुपये पाडून घेण्याचा जो मार्ग व्यापाऱ्यांना खुला होता, तो मिटला, आणि चांदीचा भाव जगभर घसरला. चारच दिवसांनीं, ३० जून रोजीं, क्लीव्हलंड यांनीं तो चांदी-खरेदीचा कायदा रद्द करण्यासाठीं ७ ऑगस्टला कायदेमंडळाचें खास अधिवेशन बोलाविलें.

ज्या दिवशीं हें आवाहन प्रसिद्ध झालें त्याच दिवशीं अध्यक्ष राजधानी सोडून न्यूयॉर्कला निघाले. विश्रांतीसाठीं ते जात आहेत, असा लोकांचा समज होता. खरी गोष्ट निराळी होती. त्यांच्या टाळूच्या डाव्या बाजूस एक व्रण झाला होता, आणि तो कर्करोगाचा आहे असें त्यांचे स्नेही डॉ. जोसेफ ब्रायंट यांचें मत पडलें होतें. शस्त्रक्रिया तांतडीची होती. पण ती उघडपणें कशी करावयाची? माजी अध्यक्ष ग्रँट हे घशाच्या कर्करोगानें १८८५ सालीं वारले होते. त्यांचे अखेरचे महिने वृत्तपत्रांनीं दिवसानुदिवस वर्णिले होते, आणि त्याची आठवण लोकांच्या मनांत ताजी होती. शिवाय उपाध्यक्ष अॅडले स्टीव्हन्सन हे चांदीच्या पक्षाला अनुकूल होते. अध्यक्षाला कर्करोग झाला ही वार्ता फुटती, तर बाजाराचा उरलासुरला धीरही खचला असता.

म्हणून एलायस बेनेडिक्ट या मित्राची 'ओनायडा' ही नौका निवडण्यांत आली. ३० जूनच्या रात्रीं अध्यक्ष तिच्यावर चढले. दुसऱ्या दिवशीं, १ जुलै रोजीं, ती न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीच्या पात्रांतून चालली असतां डॉक्टर मंडळींना एक चमत्कारिक सावधगिरी घ्यावी लागली. बेलव्ह्यू रुग्णालय नदीकांठींच आहे. तेथील ओळखीच्या डॉक्टरांपैकीं कोणी आपणांस पाहूं नये म्हणून नौका त्या बाजूनें जाईपर्यंत हे सारे आंत जाऊन बसले! अध्यक्षानें आपल्या सहकाऱ्यांपासून गोष्ट लपविली, तशी त्याच्या वैद्यांनाही आपल्या सहकाऱ्यांपासून लपवावी लागली. गुपित एकट्याचें रहात नाहीं. तें आपल्याबरोबर इतरांनाही बांधून घेतें.

दिवाणखान्यांत डोलकाठीच्या बुडाशीं खुर्ची बांधून अध्यक्षांना तिच्यावर बसविलें होतें. त्यांचें वय ५६ वर्षांचें आणि शरीर अतिशय स्थूल. रोगापेक्षां या स्थूलतेचीच डॉक्टरांना अधिक धास्ती होती; कारण अशा देहाला गुंगीचें औषध मानवेल कीं नाहीं याची खात्री नसते. प्रथम दांत काढले, मग टाळूचा आणि वरच्या डाव्या जबड्याचा मोठा भाग कापून काढला. फिलाडेल्फियाचे प्रख्यात शस्त्रवैद्य विल्यम कीन यांनीं गाल बाजूला धरून ठेवण्याचें एक उपकरण आणलें होतें. त्याच्या साहाय्यानें सारें काम तोंडाच्या आंतूनच उरकलें. चेहऱ्यावर एकही व्रण उमटला नाहीं, आणि त्यांच्या परिचित भरघोस मिशांना धक्का लागला नाहीं. ५ जुलै रोजीं अध्यक्ष समुद्रकांठच्या आपल्या घरीं पोंचले. १७ जुलैला राहिलेला अंश काढण्यासाठीं पुन्हां शस्त्रक्रिया झाली. जबड्याची पोकळी भरून काढण्यासाठीं रबराचा एक भाग तयार करण्यांत आला, आणि तो बसविल्यावर त्यांचा आवाज जवळजवळ पूर्ववत् झाला.

हें सर्व कोणाला ठाऊक होतें? युद्धमंत्री डॅनियल लॅमाँट यांना प्रारंभापासून. इतर मंत्र्यांना नाहीं. अध्यक्षांच्या मागें ज्यांच्या शिरावर राज्याचा भार यावयाचा, त्या उपाध्यक्षांना तर मुळींच नाहीं. वार्ताहरांना सांगण्यांत आलें कीं, अध्यक्षांना संधिवाताचा त्रास आहे आणि त्यांचे दांत दुखत आहेत.

येथपर्यंत कोणी म्हणेल कीं, आपत्काळीं एवढें झांकणें क्षम्य आहे. पण गोष्ट येथें संपली नाहीं. गुंगी देण्यासाठीं बोलाविलेल्या दंतवैद्याकडून ही बातमी फुटली, आणि ई. जे. एडवर्ड्स या वार्ताहरापर्यंत पोंचली. त्यानें तिची खातरजमा करून २९ ऑगस्ट १८९३ रोजीं फिलाडेल्फियाच्या एका पत्रांत ती छापली. ती बहुतेक सर्व तपशिलांत खरी होती. तरीही अध्यक्षांच्या पक्षाकडून ती साफ नाकारण्यांत आली. दांताच्या दुखण्याची कंडी पिकवून या मनुष्यानें अध्यक्षांवर कर्करोग लादला, असें म्हणण्यांत आलें. ज्यानें खरें लिहिलें तो खोटा ठरला, आणि त्याच्या नांवावरचा हा डाग वर्षानुवर्षें राहिला.

चांदीचा कायदा १ नोव्हेंबर रोजीं रद्द झाला. क्लीव्हलंड पुढें पंधरा वर्षें जगले आणि १९०८ सालीं वारले. तो रोग परत आला नाहीं. १९१७ सालीं वृद्ध झालेल्या डॉ. कीन यांनीं सर्व हकीकत प्रसिद्ध केली, आणि चोवीस वर्षांनीं एडवर्ड्सचा शब्द खरा ठरला. सुदैवानें तो तोंवर हयात होता. काढलेला अवशेष फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयांत जपून ठेवलेला आहे. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत तो सावकाश वाढणाऱ्या कर्करोगाचाच एक प्रकार असल्याचें दिसून आलें.

याच्या उलट उदाहरण नऊ वर्षांनंतरचें आहे. इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजीं व्हावयाचा होता. देशोदेशींचे पाहुणे लंडनमध्यें जमले होते. कोल्हापूरचे शाहू छत्रपतिही त्या समारंभासाठीं विलायतेस गेले होते. अशा वेळीं राजाच्या पोटांत गळू झालें. हे राजेही शरीरानें स्थूलच होते, आणि शस्त्रक्रियेचा धोका मोठा होता. समारंभ पार पाडण्याचाच त्यांचा आग्रह होता. पण डॉक्टरांनीं ऐकलें नाहीं. २४ जून रोजीं फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनीं शस्त्रक्रिया केली, समारंभ पुढें ढकलल्याचें जाहीर झालें, आणि राजाच्या प्रकृतीचीं पत्रकें लोकांसाठीं प्रसिद्ध होत राहिलीं. ९ ऑगस्टला राज्याभिषेक झाला. उघड सांगितल्यानें राजाची प्रतिष्ठा तिळभरही उणी झाली नाहीं. मात्र एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. आंतड्याला सूज आली यांत राजाचा अपराध आहे असें कोणालाही वाटलें नाहीं. ज्या आजाराला लोक अपराध समजतात, तो सांगण्यास अधिक धैर्य लागतें.

वजनाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास या संदर्भांत पाहण्यासारखा आहे. आंतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाला जवळची वाट करून देण्याचा प्रयोग अमेरिकेंतील मिनेसोटा येथील शस्त्रवैद्यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केला. अल्सरसाठीं ज्यांच्या जठराचा भाग काढावा लागे, तीं माणसें पुढें वजन धरीत नाहींत, हें आयोवा येथील डॉ. एडवर्ड मेसन यांच्या लक्षांत आलें. आणि त्यावरून १९६६ सालीं त्यांनीं जठराची लहान पिशवी करून ती थेट आंतड्याला जोडण्याची पद्धति सुरू केली. पुढें पोटाला लहान छिद्रें पाडून दुर्बिणीच्या साहाय्यानें हीच कामें होऊं लागलीं, आणि जठराभोंवतीं पट्टा बसविण्याची तऱ्हाही निघाली. यांपैकीं कोणतीही वाट 'आयती' नाहीं. रोग्याला पुढें जन्मभर थोडथोडें आणि चावून-चावून खावें लागतें. जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्या लागतात. जठराची पिशवी केलेल्यानें गोड अधिक खाल्लें तर घाम फुटतो, छाती धडधडते. कचेरींत कोणाच्या बढतीचे पेढे वाटले जातात तेव्हां अशा माणसानें नुसता एक तुकडा मोडून घेतला, कीं चार डोळे त्याच्याकडे वळतात.

अमेरिकेंतील एन.बी.सी. या संस्थेच्या सकाळच्या कार्यक्रमांत हवामान सांगणारे अल रोकर यांचें वजन ३०० पौंडांहून अधिक होतें. वडिलांच्या मृत्युशय्येपाशीं त्यांनीं वजन उतरविण्याचें वचन दिलें होतें. मार्च २००२ मध्यें त्यांनीं जठराची शस्त्रक्रिया करून घेतली, आणि ती मोजक्याच माणसांना ठाऊक ठेवली. परंतु ज्याचा देह रोज सकाळीं लाखों घरांत दिसतो, त्यानें काय लपवावें? त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांनीं आपण होऊन सर्व सांगून टाकलें. न्यू जर्सीचे राज्यपाल ख्रिस क्रिस्टी यांची गोष्ट २०१३ सालची. त्यांच्या स्थूलतेवर वर्षानुवर्षें विनोद होत. फेब्रुवारींत दूरचित्रवाणीवर त्यांनीं स्वतःच गोड वडा खाऊन त्या विनोदांत भाग घेतला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आंत खोटें नांव नोंदवून त्यांनीं पट्टा बसवून घेतला आणि त्याच दिवशीं ते घरीं परतले. मे महिन्यांत एका वृत्तपत्राला सुगावा लागला तेव्हां त्यांनीं तें नाकारलें नाहीं. आपण पन्नाशी ओलांडली आहे, बायको आणि चार मुलें आहेत, त्यांच्यासाठीं हें केलें, अशा अर्थाचें त्यांनीं सांगितलें. त्या वर्षाच्या निवडणुकींत लोकांनीं त्यांना पुन्हां निवडून दिलें.

या प्रकरणांतून एक विवेक हातीं येतो. आजार झांकणें आणि आजाराविषयीं खोटें सांगणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. रोकर आणि क्रिस्टी कांहीं महिने गप्प राहिले. त्यांच्या मौनानें कोणाची अब्रू गेली नाहीं. क्लीव्हलंड यांच्या बाजूनें असत्य बोललें गेलें, आणि त्याची किंमत एका निरपराध वार्ताहरानें चोवीस वर्षें मोजली. दुसरें असें कीं, सर्व सहकारी सारखे नसतात. ज्याला आपल्या गैरहजेरींत आपलें काम उचलावें लागणार, त्याला किती दिवस आणि कोणतें काम एवढें आधीं कळणें हा त्याचा हक्क आहे. पोटावर कोठें छेद घेतला, हें कळण्याचा नाहीं. स्टीव्हन्सन यांना हा पहिला हक्कही मिळाला नाहीं. उरलेल्या मंडळींना 'प्रकृतीच्या कारणानें रजा घेतली होती, आतां बरें आहे' इतकें उत्तर पुरेसें आहे; तें खरेंही आहे आणि पूर्णही आहे. मात्र 'नुसत्या चालण्यानें वजन उतरलें' असें एकदां सांगितलें, कीं तें रोज सांभाळावें लागतें. शिवाय तें ऐकून शेजारचा एखादा स्थूल मनुष्य रोज चार मैल चालूं लागतो, आणि वजन हलत नाहीं म्हणून स्वतःलाच दूषणें देत बसतो.

आणि या प्रश्नाची एक बाजू ऐकणाऱ्यांकडेही आहे. सांगावें कीं न सांगावें हा पेच रोग्याला पडतो, तो भोंवतालच्या माणसांच्या जिभेमुळें पडतो. कोणाचें अंग उतरलें कीं कारण विचारावें, कोणाच्या ताटांत कमी दिसलें कीं आग्रह करावा, ही आपल्याकडे आपुलकीची रीत मानली जाते. त्या आपुलकीनें एक पाऊल मागें राहून, 'काम कांहीं उचलूं का?' एवढेंच विचारलें, तर ज्याला सांगावयाचें असेल तो आपण होऊन सांगेल. आणि ज्याला सांगावयाचें नसेल, त्याला खोटें बोलण्याची पाळी येणार नाहीं.