सौर किरीट व सौरवारा

सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाबाहेर पसरलेले अतिविरल, तप्त आवरण म्हणजे किरीट किंवा करोना. पृष्ठभागाचे तापमान सुमारे 5,500 अंश सेल्सिअस, तर किरीटाचे 10 ते 20 लाख अंश असते. किरीटातून विद्युत्भारित कणांचा जो झोत अखंड बाहेर पडतो, तो सौरवारा. या दोहोंना आकार देणारी मुख्य शक्ती सूर्याचे चुंबकीय क्षेत्र आहे. केवळ गुरुत्वाकर्षण आणि उष्णता यांचेच राज्य असते, तर किरीट चहूबाजूंनी सारखा गोल दिसला असता; पण तो तसा दिसत नाही. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांनी, तर वऱ्हाडातील तळणी येथे ॲनी माँडर यांनी किरीटाची छायाचित्रे घेतली. माँडरबाईंच्या छायाचित्रणाच्या काचेवर सुमारे एक कोटी किलोमीटर लांबीचा एक सरळ किरण उमटला. ठरावीक जागेवरून निघून इतक्या दूरवर न विस्कटता जाणारा असा किरण नुसत्या तापलेल्या वायूच्या पसरण्यातून समजावून सांगता येत नाही. जॉर्ज हेल यांनी सूर्यडागांतील चुंबकत्व सिद्ध केले ते 1908 मध्ये. त्यामुळे या किरणाचा नीट अर्थ लागायला अवकाश होता.

आज तो अर्थ स्पष्ट आहे. चुंबकीय रेषांची दोन्ही टोके सूर्यातच रुतलेली असतील, तर वायू त्या कमानींत अडकतो आणि तो भाग उजळ दिसतो. रेषा अवकाशात खुल्या असतील, तर वायू निसटतो, तेथे काळपट किरीटविवर दिसते आणि सेकंदाला 700-800 किमी वेगाचा वारा सुटतो. मंद वारा साधारण 300-400 किमीचा; तो मुख्यतः बंद कमानींच्या कडांकडून येतो, असे मानले जाते. यावर आक्षेप असा, की युजीन पार्कर यांनी 1958 मध्ये सौरवाऱ्याचे भाकीत केले ते वायूच्या दाबावरून, चुंबकत्वावरून नव्हे. आक्षेप खरा, पण अपुरा आहे. त्या गणितात किरीट तप्त असल्याचे गृहीतच धरले होते. तो का तापतो आणि विवरांतला वारा इतका वेगवान का, ही कोडी दाबाने सुटत नाहीत. नेमकी यंत्रणा लहरींची की सूक्ष्म स्फोटांची, हा वाद अजून मिटलेला नाही. मात्र दोन्ही पक्ष ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातूनच येते असे मानतात. मर्यादाही सांगितली पाहिजे: ठरावीक अंतरापलीकडे वारा क्षेत्राला जुमानत नाही, उलट त्यालाच ओढत नेतो. पार्कर या अवकाशयानाने ही सीमा 2021 मध्ये सूर्यापासून सुमारे 19 सौरत्रिज्यांवर ओलांडली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. किरीटातील क्षेत्र इतके क्षीण, की ते थेट मोजणे फार अवघड. मग हे सारे अनुमानच नव्हे काय? अनुमान खरे, पण पडताळलेले. ऑगस्ट 2017 च्या ग्रहणाआधी कोलकात्याच्या आयसरमधील दिब्येंदू नंदी यांच्या गटाने, तसेच अमेरिकी गटानेही, चुंबकीय प्रारूपांवरून किरीटाचा आकार आधीच जाहीर केला होता. ग्रहणात दिसलेल्या मुख्य किरणांशी तो बराचसा जुळला.

सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या उद्रेकाचा परिणाम मुंबईने कागदावर टिपला आहे. 2 सप्टेंबर 1859 च्या चुंबकीय वादळात कुलाबा वेधशाळेत दर थोड्या मिनिटांनी डोळ्यांनी घेतलेल्या नोंदींत पृथ्वीचे क्षितिजसमांतर चुंबकीय क्षेत्र सुमारे 1,600 नॅनोटेस्ला घसरले. घसरणीचा काही भाग स्थानिक विद्युत्प्रवाहांचा असावा, असे काही अभ्यासक मानतात. तरीही त्या वादळाची एवढी तपशीलवार नोंद अन्यत्र क्वचितच आहे. आता सूर्यावर अवकाशातूनही नजर आहे: जानेवारी 2024 पासून आदित्य-एल1 हे भारतीय यान पृथ्वीपासून 15 लाख किमीवर सूर्य न्याहाळत आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेने घडवलेली त्यावरील सूट ही दुर्बीण किरीटाखालच्या थरांची अतिनील छायाचित्रे घेते.