काळविटाचा माज आणि माळव्याची मृगया

माही आणि चंबळ या दोन नद्यांच्या मधल्या माळवी पठारावर वसलेला बदनावर परगणा हा धारच्या पवार संस्थानातील एक सुपीक मुलूख होता. आणि ज्या काळी तेथील काळ्याभोर जमिनीत गहू, ज्वारी आणि अफूची पिके डोलत असत, त्याच काळी शेतांच्या बांधांना लागून दरबाराने आणि मुलथान, कछीबडोदा, बखतगड, कोद, बिडवाल येथील ठाकुरांनी गवतासाठी राखलेल्या बिडांतून काळविटांचे कळप निर्वेधपणे चरत असत. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजीअप्पांच्या फौजेने मोगल सरदार गिरिधर बहादूर आणि दया बहादूर यांचा पाडाव केला, माळवा मराठ्यांना मोकळा झाला, आणि पुढे धारला एक व देवासला थोरली व धाकटी अशा दोन, मिळून पवारांच्या तीन गाद्या या प्रदेशात स्थिरावल्या. त्यांच्याबरोबर मराठी दफ्तर आले, मराठी कारकून आले, आणि मराठी राज्यव्यवहारातील अठरा कारखान्यांमध्ये ज्याची गणना होत असे तो शिकारखानाही आला.

मृगयेचा इतिहास बहुधा मारणाऱ्याच्या पराक्रमाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु काळविटाची शिकार ज्या रीतींनी होत असे त्या बारकाईने पाहिल्या, तर तिचे यश नेमबाजीपेक्षाही जनावराच्या माजाचा काळ आणि त्या काळातील त्याचा स्वभाव ओळखण्यावर अवलंबून होते, असे दिसून येते.

काळविटाची शिंगे सांबराप्रमाणे गळून पडत नाहीत. धारच्या दक्षिणेला विंध्याच्या उतारांवर सांबर आणि चितळ यांचा पाठलाग करणाऱ्यास नव्या शिंगांवरचे मखमली कातडे झडून ती टणक होईपर्यंत थांबावे लागे, आणि सांबराचा माज हिवाळ्याच्या तोंडाशी, तर चितळाचा उन्हाळ्यात, हा हिशेब मनाशी ठेवावा लागे. पठारावरच्या काळविटाला असा एकच ठरीव ऋतू नाही. त्याचा माज वर्षभर थोडाथोडा चालू असला, तरी त्याला दोन भरती येतात, एक फाल्गुन-चैत्राच्या सुमारास आणि दुसरी श्रावण सरता सरता, भाद्रपदात. या दिवसांत पुरता वयात आलेला नर कळपातून वेगळा होतो आणि माळाचा एक तुकडा आपला म्हणून राखू लागतो. त्याची पाठ काळीकुळकुळीत होते, पोटाचा आणि डोळ्यांभोवतीचा पांढरा रंग त्यामुळे अधिकच उठून दिसतो. डोळ्याखालच्या ग्रंथीतील स्राव तो गवताच्या काड्यांना आणि झुडपांच्या टोकांना पुसून ठेवतो, एकाच ठिकाणी पुनःपुन्हा लेंड्या टाकून आपल्या सीमा आखतो. आणि मादी दिसली की नाक आभाळाकडे, शिंगे पाठीवर, कान खाली आणि शेपटी वर वळलेली, अशा थाटात घशातून घुरघुरत आखडत्या पावलांनी तिच्यासमोर येतो. एरवी संशयाची चाहूल लागताच उधळणारा हा प्राणी या काळात आपली जागा सोडावयास नाखूष असतो, आणि दुसरा नर हद्दीत शिरला की पळण्याऐवजी त्याच्या अंगावर धावून जातो.

त्याच्या या अभिमानावरच शिकाऱ्याने आपली विद्या उभारली. 'आईन-ए-अकबरी'त हरणाकडून हरीण धरण्याची जी रीत वर्णिली आहे, ती अशी: माणसाळवलेल्या नराच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानातील नरासमोर सोडावयाचे, रानटी नर आव्हान समजून शिंगाला शिंग भिडवतो, झुंजता झुंजता त्याची शिंगे जाळ्यात गुंततात, आणि दबा धरून बसलेली माणसे त्याला पकडतात. याच तत्त्वावर फासे लावणाऱ्या आणि पाळीव बैलाच्या आडोशाने कळपाजवळ सरकणाऱ्या पारध्यांना माळाचे जे ज्ञान होते, ते कोणत्याही दरबारी शिकाऱ्याच्या ज्ञानाहून कमी नव्हते. तरीही १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यान्वये इंग्रजी अंमलाने पारध्यांच्या अनेक समूहांवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि तो कायदा १९५२ साली रद्द होईपर्यंत तो शिक्का पुसला गेला नाही.

राजदरबारांचा मान मात्र चित्त्याच्या शिकारीला होता. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात तिचे वर्णन आहे. अकबराने एक हजार चित्ते जमविले होते असे जहांगीराने लिहून ठेवले आहे. आणि मराठी राज्यांपैकी कोल्हापूरच्या दरबाराने ही कला विसाव्या शतकापर्यंत जतन केली. डोळ्यांवर टोपी चढविलेला चित्ता बैलगाडीवर बसवीत, आणि शेतकऱ्यांच्या गाड्यांना सरावलेल्या कळपाजवळ ती गाडी हळूहळू, वळसे घेत नेत. योग्य अंतर साधले की चित्तेवान टोपी काढून त्याचे मुख काळ्या नराकडे वळवी. काळवीट ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने धावू शकते. चित्ता त्याहून वेगवान खरा, परंतु त्याचा दम काही शे मीटरांतच संपतो, त्यामुळे पहिल्या झेपेलाच शिकार साधली नाही तर ती हातची जाई. म्हणून आपला तुकडा सोडावयास कचरणारा, मादीच्या मागे भान हरपलेला नर हे चित्त्याचे सर्वांत सोपे भक्ष्य ठरे. भाद्रपदातील माजाच्या वेळी माळव्याची काळी माती चाकांना गिळून टाकते आणि गाडी बिडात शिरू शकत नाही. उलट फाल्गुनात गव्हाची कापणी होत आलेली, जमीन कोरडी आणि नजर दूरवर पोहोचणारी. उन्हाने चित्ता थकतो म्हणून सकाळची वेळ साधावयाची. बैलगाडी, चित्ता आणि माज या तिन्ही गोष्टी एकत्र जुळावयाच्या त्या याच थोड्या दिवसांत.

देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांचा विवाह १९०८ साली राजर्षी शाहूंच्या कन्येशी झाला, आणि त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव १९४७ साली शहाजी या नावाने कोल्हापूरच्या गादीवर आले. म्हणजे माळव्याचे माळ आणि कोल्हापूरचे चित्ते हे सोयरिकीच्या नात्याने जवळ आले. परंतु तोपर्यंत या देशातील चित्ता जवळजवळ संपला होता. १९१८ ते १९४५ या काळात संस्थानिकांनी सुमारे २०० चित्ते आफ्रिकेतून आणविले; १९४७ मध्ये कोरिया संस्थानाच्या राजाने अखेरचे ज्ञात तीन चित्ते मारले, आणि १९५२ साली भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

या साऱ्या विद्येविरुद्ध आपल्याच परंपरेत एक प्राचीन तक्रार नोंदलेली आहे. महाभारताच्या आदिपर्वात पांडुराजा रतिमग्न मृगावर बाण सोडतो. तो मृग म्हणजे किंदम ऋषी. मरता मरता तो राजाला सांगतो की, मृग मारल्याबद्दल मी तुला दोष देत नाही; परंतु माझा समागम पुरा होईपर्यंत तू थांबावयास हवे होतेस. शिकार आणि क्रौर्य यांच्यामधील मर्यादा व्यासांनी येथे आखून दिली. माजावर आलेला नर मारला जातो तेव्हा कळपातील सर्वांत सशक्त पिता मारला जातो, आणि सहा महिन्यांनी जन्मावयाची त्याची पिलेही त्याच्याबरोबर जातात. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ च्या कायद्याने सरकारला बंदीचा हंगाम ठरविण्याचा अधिकार मिळाला. काळविटाला संपूर्ण संरक्षण मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, त्याला पहिल्या अनुसूचीत घालून, दिले. बदनावरच्या शेजारच्या सरदारपूर तालुक्यातील तणमोर या माळपक्ष्याची कथाही याच जातीची आहे: पावसाळ्यात मादीला बोलाविण्यासाठी तो नर गवताच्या वर उंच उड्या मारतो, आणि बंदूकवाल्यांना त्याचा ठावठिकाणा सांगणारीही तीच उडी; शेवटी त्याच्यासाठी तेथे १९८३ साली अभयारण्य राखावे लागले.

आज माळव्यात काळवीट टिकून आहे, पण बिडे नांगराखाली आणि कारखान्यांखाली जात आहेत, आणि जेथे कळप मोठे आहेत तेथे शेतकऱ्याच्या उभ्या पिकाची हानी होते, हीही वस्तुस्थिती आहे. ती हानी सरकारने वेळेवर भरून द्यावी, कारण उपाशी शेतकऱ्याकडून दयेची अपेक्षा करणे अन्याय्य आहे. मात्र पारध्यांनी आणि चित्तेवानांनी शतकानुशतके जमविलेले माजाचे ज्ञान आता रक्षणाच्या कामी लावले पाहिजे: कोणता नर कोणता तुकडा राखतो, हे जाणणाऱ्या पारधी तरुणांना वनखात्याने सन्मानाने नोकरीत घ्यावे, आणि फाल्गुन-चैत्रात व भाद्रपदात उरलेल्या बिडांत आग, नांगर आणि मोकाट कुत्री शिरू देऊ नयेत. पांडूने जे केले नाही, म्हणजे थोडे थांबणे, ते आपण केले तर काळवीट टिकेल.