रचना जुळवणाऱ्या संगणकभाषा

संगणकाला यादीची लांबी मोजायला शिकवायचे आहे, असे समजू. आपण दोनच ओळी लिहू. रिकाम्या यादीची लांबी शून्य. जिच्यात एक पहिला घटक व त्यामागे उरलेली यादी आहे, तिची लांबी म्हणजे उरलेल्या यादीची लांबी अधिक एक. समोर आलेली यादी कोणत्या ओळीतील रचनेशी जुळते ते संगणक पाहतो. जुळताक्षणीच 'पहिला' आणि 'उरलेली' हे तिचे भागही नावानिशी वेगळे होतात.

या लेखनपद्धतीचे मूळ सिद्धतेच्या शोधात आहे. प्रोग्रॅमचे गुणधर्म गणिताने कसे सिद्ध करावेत, हे रॉड बर्स्टॉल यांनी १९६९ च्या शोधनिबंधात दाखवले. गणिती विगमनात आपण आधी पहिली पायरी आणि मग पुढची पायरी सिद्ध करतो. येथेही आधी रिकामी यादी, मग एका घटकाने वाढलेली. प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ सिद्धतेची एक पायरी होते.

१९८० मध्ये बर्स्टॉल, मॅक्वीन व सॅनेला यांनी 'होप' ही भाषा मांडली. एडिंबरोतील होप पार्क स्क्वेअरवरून तिला हे नाव मिळाले. पुढे ही पद्धत स्टँडर्ड एमएलमध्ये आली. तेथे एखादी शक्यता लिहायची राहिली, तर प्रोग्रॅम चालण्याआधीच इशारा मिळतो.

२०२१ मध्ये पायथन ३.१० मध्येही रचना-जुळणी आली. मात्र काहीच जुळले नाही, तर पायथन मुकाट्याने पुढे जाते. म्हणून 'सर्व शक्यता आल्या का?' हा प्रश्न तेथे आपण आणि आपल्या विद्यार्थ्यांनीच विचारायला हवा.