ध्रुपद कोणी धरायचं?

माझे आजोबा नगरकडच्या ख्रिस्ती कीर्तनात टाळकरी होते. ‘ख्रिस्ती कीर्तन’ म्हटलं की बाहेरच्या पाहुण्यांच्या भुवया उंचावतात. आम्हाला त्यात नवल नाही. आजोबा सांगत, बुवा आख्यानात रंगून आडवाटेला शिरले, की ते परत येईपर्यंत आपण ध्रुपद धरून ठेवायचं.

१८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आले. त्यांच्याबरोबर पाश्चात्त्य चालींची गीतं आली. त्या चालींत मराठी शब्द कोंबले, की ऱ्हस्व-दीर्घांची पार ओढाताण होई. पुढे कृ. र. सांगळे यांच्यासारख्या इथल्या ख्रिस्ती कवी-कीर्तनकारांनी कीर्तनाचा बाज उचलला. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेले ना. वा. टिळक नगरला आले, उपदेशक घडवणाऱ्या शाळेत शिकवू लागले आणि अभंग चर्चमध्ये रुळला.

मला कुतूहल आहे ते त्या शाळांतल्या परदेशी गुरुजींचं. शिष्याचं धर्मज्ञान त्यांना तपासता येत होतं. पण कुठली ओळ पुन्हा घोळवायची, लय कुठे चढवायची, हे तर समोरची माणसं पाहून ऐनवेळी ठरतं. तिथे गुरूलाच शिष्याकडून कान तयार करून घ्यावा लागणार. या इतिहासात आपण कोणी धर्म बदलला एवढंच मोजत बसतो.

ही अडचण मी स्वतः भोगली आहे. संगीतोपचार शिकताना माझ्या कामावर देखरेख करायला एक इंग्रज बाई होत्या. पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९मध्ये इंग्लंडमध्ये विशेष मुलांबरोबर सुरू केलेल्या पद्धतीतल्या. त्यात तयार गाणं ऐकवत नाहीत. रुग्ण जो आवाज काढील, त्याला धरून तिथल्या तिथे संगीत रचायचं.

माझ्याकडे अर्धांगाने वाचा गेलेल्या एक आजी होत्या. मी जात्यावरच्या ओवीच्या चालीवर गायचो आणि प्रत्येक ओळीनंतर थांबायचो. ध्वनिमुद्रण ऐकून बाई म्हणाल्या, “सारखा थांबतोस कशाला? संगीत तुटतंय.” जात्यावर समोर दुसरी बाई बसलेली असते, ती थांबण्याची जागा तिची असते, हे मला इंग्रजीत काही केल्या सांगता येईना.

शेवटी त्या म्हणाल्या, “बोलणं राहू दे. तू आजी हो, मी तुझ्या जागी बसते.” त्या पियानो वाजवू लागल्या. सुरेख वाजवत होत्या, पण शिरायला फटच नव्हती. मी गप्प झालो. थोड्या वेळाने त्यांच्या ते ध्यानात आलं असावं. हात उचलून त्यांनी खालचा एकच स्वर धरला, आणि मी गुणगुणायला लागलो.

“आता तुझी थांबण्याची जागा ऐकू आली,” त्या म्हणाल्या. मलाही तेव्हाच माझी चूक कळली होती. मी थांबत होतो खरा, पण खाली काहीच धरत नव्हतो. आजोबांचा नातू असून! आजींना मी नुसत्या शांततेत सोडून देत होतो.

पुढच्या वेळी तंबोरा चालू ठेवला. तिसऱ्या ओवीनंतर थांबलो, तेव्हा आजींचं डावं बोट खाटेच्या दांडीवर दोनदा वाजलं. मी म्हणालो, ठेका दिला. बाई म्हणाल्या, नुसतं हललं असेल. ते मुद्रण आम्ही कितीतरी वेळा ऐकलं; त्यात तंबोऱ्याखाली बोटाचा आवाज येतच नाही.